अनुभव कोणाचा?

मला सगळ्यात जास्त किळस कशाची येते, असं कुणी विचारलं तर मी गोठ्यातलं काही सांगणार नाही. शेण, मूत, वार अडकलेल्या गाईचा वास, जखमेत पडलेले किडे, सगळं मी तीस वर्षं या हातांनी काढलंय आणि हात धुऊन जेवायला बसलेय. किळस येते ती एका वाक्याची. 'ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं असं मत आहे.' आणि ते मीच लिहिलेलं आहे, म्हणून जास्तच येते.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून दुचाकीवर वीस मिनिटं. आमच्याकडे सात गायी. शेजारीपाजारीही तेच, कुणाच्या तीन, कुणाच्या दहा. त्यामुळे वैरण, मुरघास, फॅट आणि गाईची दुखणी यापलीकडे आमच्या तोंडात दुसरा विषय नसतो. म्हणून चार वर्षांपूर्वी आसपासच्या पाच-सहा गावांतल्या गाईवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप केला. केला म्हणजे मीच केला. बारावी झालेली, मराठी टाईप करता येतं, तोंड बंद राहत नाही, एवढ्या भांडवलावर मी ॲडमिन झाले.

ग्रुप कामाचा होता, हे आधी सांगते. लम्पीची साथ आली तेव्हा कुठल्या गावात गाय आजारी पडली, लस कुठे शिल्लक आहे, सगळं त्याच्यावरच कळायचं. एकदा एका माणसाची गाय अडली, वासराचा एकच पाय बाहेर, आणि डॉक्टर तासाभराच्या अंतरावर. तिघाचौघांनी फोनवर सांगून सांगून ते वासरू जिवंत काढलं. त्या दिवशी मला ग्रुपचा फार अभिमान वाटला होता.

तिथूनच मला यादीची कल्पना सुचली. गाईचे डॉक्टर, कृत्रिम रेतन करणारे, मुरघासवाले, कुट्टी मशीन दुरुस्त करणारे, सगळ्यांची एक यादी मोबाईलवर ठेवायची. कुणीही उघडावी, कुणीही भरावी. मी रकाने पाडले. नाव, गाव, फोन, काम, वेळेवर येतात का, हात कसा आहे. आणि शेवटचा रकाना, 'अनुभव कोणाचा'. जो बरं-वाईट लिहील त्यानं तिथं स्वतःचं नाव घालायचं. मला वाटलं होतं, हा रकाना म्हणजे माझी फार मोठी हुशारी.

छ्या! सगळे रकाने दोन आठवड्यांत भरले, हा एक सोडून. कुणी लिहिलं 'सर्वांचा'. कुणी 'गावाचा'. कुणी 'ऐकीव'. एकानं तर नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं. डॉक्टर पैसेकाढू आहे, हे लिहायला बोट चालतं. हे मी म्हणतो, असं लिहायची वेळ आली की त्याच बोटाला लकवा मारतो.

आमच्या काष्टीच्या बाजारात गाई-बैलांचा सौदा अजूनही रुमालाखाली होतो. दोघं हात मिळवतात, वरून उपरणं टाकतात, आत बोटं दाबून भाव सांगतात. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. पण आतल्या दोन हातांना तरी पक्कं माहीत असतं की बोट कुणाचं आहे. आमच्या ग्रुपवर तेवढंही नाही. 'चर्चा आहे', 'असं बोललं जातं', 'आलंय तसं पुढं पाठवतोय'. पुडी सोडायची आणि नामानिराळं राहायचं. मी यावर घरात तावातावानं बोलायचे. नवरा म्हणायचा, "तू सोडून सगळे भित्रे, व्हय ना?" मी म्हणायचे, हो.

आता ती पोरगी. पोरगी म्हणजे तिशीची, शेजारच्या गावची सून, पदरात दोन लेकरं. तिनं कृत्रिम रेतनाचं शिक्षण घेतलं, वीर्याच्या कांड्या गार ठेवायची नायट्रोजनची टाकी घेतली आणि स्कूटीच्या मागच्या सीटवर ट्यूबनं बांधून गावोगाव गायी भरवायला जाऊ लागली. आमच्या भागात हे काम करणारी ती पहिली बाई. माणसं पारावर बसून दात काढायची. बाईमाणूस म्हणे कांडी भरणार! तिला पहिलं बोलावणं मी केलं. मीच तिला ग्रुपात घेतलं, मीच यादीत तिचं नाव घातलं. ती मला ताई म्हणायची. हात हलका, बोलणं थोडं, गाईच्या पाठीवर आधी दोन मिनिटं हात फिरवल्याशिवाय कामाला लागायची नाही. प्रत्येक गाईची तारीख, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि माजाची वेळ ती एका वहीत लिहायची. दीड वर्षात माझ्या चार गायी तिच्या हातच्या गाभण राहिल्या.

मग आमची मोठी काळी-पांढरी गाय माजावर आली. सकाळी सहाला हंबरायला लागली. आणि त्या दिवशी अमावस्या होती.

आमच्या घरात अवसेला गाय भरवत नाहीत. सासूबाईंचा नियम, असं मी लोकांना सांगते. सोपं जातं. पण सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी मला कुणी अडवलं नव्हतं. नवरा म्हणालासुद्धा, "बोलव तिला, काय हुतंय?" मीच म्हटलं, राहू दे, उद्या. माज काय एका दिवसात पळून जातोय? पळून जातो. गाईवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल की सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची असते. मला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन केला आणि सांगितलं, गाय आज सकाळी माजावर आलीय. अवसेचं तिला सांगायची लाज वाटली. शिकलेली पोरगी, मनात हसेल. ती ठरल्याप्रमाणे संध्याकाळी आली. गाईला हात लावला, तपासलं आणि थांबली.

"ताई, माज उतरल्यावानी वाटतोय. नक्की आज सकाळीच ना?"

"मग मी काय खोटं बोलते का?"

तिनं कांडी भरली, वहीत लिहिलं आणि चहा न घेता गेली.

एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा हंबरायला लागली. उलटली. आमच्याकडे गाय गाभण न राहता परत माजावर आली की 'उलटली' म्हणतात. एक गाय, एकदा उलटली, त्यात आभाळ कोसळायचं काही कारण नव्हतं. पण त्या दिवशी माझं डोकं सकाळपासून तापलेलं, त्यात दूध केंद्रावर एक बाई सहज म्हणाली, "आमच्या जावंचीबी गाय उलटली म्हनं, तिच्याच हातची." म्हनं! एवढा एक शब्द मला पुरला.

घरी आले. आधी तिला ग्रुपमधून काढलं, उगाच वाद नको म्हणून. मग बसून लिहिलं: 'ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं असं मत आहे की सदर ताईंच्या हाताला गायी लागत नाहीत. सभासदांनी आपापल्या जबाबदारीवर विचार करावा. — ॲडमिन.'

सदर ताई! मी आयुष्यात कधी कुणाला सदर म्हटलेलं नाही. आणि यादीत तिच्या नावापुढे 'हात कसा'च्या खाली लिहिलं, 'लागत नाही'. 'अनुभव कोणाचा'च्या खाली लिहिलं, 'बरेच जण'. माझाच रकाना. मी पाडलेला.

खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांच्या गोठ्यात तिनं कधी पाऊल टाकलं नाही, त्यांचे अंगठे. बियाण्याच्या दुकानदाराचा अंगठा, त्याच्याकडे गाय तर सोडा, शेळीसुद्धा नाही. मला बरं वाटलं. इतके जण म्हणतायत म्हणजे असेलच काहीतरी, असं मला, मला स्वतःला वाटलं! काय म्हणावं याला?

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एकाला बोलावलं. तो बापई, मोठ्या गाडीवर येणारा, फोन केल्यावर सहा तासांनी उगवणारा.

पुढच्या शनिवारी बाजारात एक ओळखीचा माणूस भेटला आणि मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "त्या बाईला बोलवू नका बरं का. तिच्या टाकीत नायट्रोजनच नसतुया. कांड्या मेलेल्या असत्यात."

"कोण म्हणतं?"

"तुमच्या ग्रुपवरच आलंय की!"

घरी येऊन बघते तर श्रीरामपूरच्या माझ्या भावानं मला एक मेसेज पाठवला होता. त्याच्याकडे तिकडच्याच कुठल्या ग्रुपवरून आलेला. वर 'आलंय तसं पाठवतोय'. सुरुवातीची दोन वाक्यं माझी, शब्द न् शब्द. खाली टाकीचं, मेलेल्या कांड्यांचं, आणि ती चारित्र्यानंही कशी आहे याचं एक वाक्य. माझं वाक्य चार गावं हिंडून, अंगाला घाण लावून घरी परत आलं होतं. ते वाचून मी मोबाईल पालथा ठेवला. पण ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. मी थोडंच ते शेवटचं लिहिलं होतं!

मग एके दिवशी दुपारी ती आली. स्कूटी दारात लावली, मागे टाकी होतीच. आत आली नाही, ओट्यावर बसली. तिला कुणीतरी माझा मेसेज दाखवला होता. डोळे कोरडे, आवाज कोरडा.

"बारा दिवस झालं ताई, तीन बोलावणी आली. आधी एका दिवसात तीन यायची. बरेच जन म्हंजी कोन कोन? मला नावं द्या. मी एकेकाच्या गोठ्यात जाऊन बघते. चूक माझी निघाली तर ही टाकी तुमच्या दारात ठिवून जाते."

मी म्हटलं, "अगं, माझं काय त्यात? ग्रुपचं मत आहे. मी आपलं ॲडमिन म्हणून टाकलं."

तिनं वही काढली. माझ्या गाईचं पान उघडलं. तारीख, बिल्ल्याचा नंबर आणि पुढे तिच्या गोल अक्षरात, 'आज सकाळी माजावर, मालकिणीनं सांगितलं'.

"ताई, खरं सांगा. गाय कधी माजावर आली हुती? मी कुनाला बोलनार न्हाई. मला फकस्त माझ्या हाताचं कळू द्या. मला आता माझाच भरोसा वाटंना."

एवढं ती बोलली. माझ्यात थोडीजरी लाज असती तर तिथंच जीभ हलली असती. मी म्हटलं, "सांगितलं की. सकाळी."

तिनं वही मिटली. "बरं. मग तुमचं मत काय हाय? ग्रुपचं न्हाई इचारत. तुमचं."

"मला नाही बाई तसं वाटत," मी म्हटलं. "तुझा हात चांगला आहे."

हे मी तिच्या तोंडावर म्हटलं! आज चार माणसांत सांगताना जीभ जड होते, पण म्हटलं. पाठीमागे बऱ्याच जणांची होऊन बोलले आणि समोर एकटीची होऊन नेमकं उलटं बोलले.

"मग त्येवढं लिवा ग्रुपवर," ती उठत म्हणाली. "तुमच्या नावानं. त्येवढ्यानं माझं काम हुईल."

"लिहिते," मी म्हटलं.

आणि काय लिहिलं मी? 'काही सभासदांचा काही बाबतीत गैरसमज झाला असल्यास ग्रुपतर्फे दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.' काही सभासद, काही बाबतीत, ग्रुपतर्फे, करण्यात येत आहे. एवढ्या शब्दांत एक माणूस सापडेल का? कुणाला कळलंही नाही की हे कशाबद्दल आहे. एकानं विचारलं, मुरघासाच्या पिशव्यांबद्दल का? मी अंगठा दाबला. अंगठा! थू माझ्या जिंदगानीवर.

तिकडे माझी गाय त्या गाडीवाल्याच्या हातूनही उलटली. त्याला परत बोलावलं, तरी पुन्हा उलटली. त्याच्याबद्दल ग्रुपवर मी चकार शब्द लिहिला नाही. दोनदा उलटूनही 'बऱ्याच जणांचं मत' मला आठवलं नाही. त्यानं बापई असल्याचा फायदा घेतला असं मी म्हणणार नाही, त्याला तो मी दिला.

ज्या दिवशी संध्याकाळी ती दुसऱ्यांदा उलटली, त्याच दिवशी सकाळी दूध घालून आले आणि यादी उघडली. त्या पोरीच्या ओळीत माझ्या शब्दांखाली आणखी कुणीतरी भर घातली होती. 'अनुभव कोणाचा' मध्ये लिहिलं होतं, 'बरेच जण, ॲडमिन यांनी खात्री केलेली'. मी कुठली खात्री केली होती? मग करावी म्हटलं. ज्यांनी त्या मेसेजला अंगठे दिले होते त्यांना एकेक करून फोन लावत सुटले. तुमची गाय तिच्या हातून उलटली का?

"न्हाई बा. आमी तिला कधी बोलावलंच न्हाई."

"तुमीच लिवलं हुतं की."

"ग्रुपवर वाचलं, म्हनून."

ती दूध केंद्रावरची बाई म्हणाली, "आमच्या जावंची? तिची गाय तर गाभन हाय. म्या दुसऱ्या कुनाचं सांगितलं असंल."

अकरा फोन केले. अकराही जण मला माझ्याचपाशी आणून सोडत होते. बरेच जण म्हणजे मी होते. एकटी मी, आणि माझी अवस.

नवऱ्याला सांगितलं, मी सगळं लिहिणार आहे. तो म्हणाला, "चुकलं म्हन आन सोडून दे. अवसेचं कशाला चव्हाट्यावर? लोक हासतील." मी म्हटलं, हसू देत. मग लिहिलं, आणि यावेळी पहिला शब्द 'मी' घातला. तो टाईप करायला लाज वाटली, हे खोटं नाही. लिहिलं की मी अमावस्या पाळली, मी गाय एक दिवस उशिरा भरवली, मी तिला वेळ खोटी सांगितली. बरेच जण कुणी नव्हते, ते मत माझ्या एकटीचं होतं आणि तेही खोटं होतं. तिच्या हातच्या माझ्या चार गायी गाभण राहिल्यात. खाली पूर्ण नाव घातलं. यादीत तिच्या ओळीतला सगळा कचरा पुसला, 'हात चांगला' लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव. त्या अख्ख्या यादीत त्या रकान्यातलं ते पहिलं नाव.

आणि ग्रुप? हात जोडलेल्यांची रांग. 'ताईंचं मन मोठं.' 'असा ॲडमिन होणे नाही.' मला ओकारी यायची बाकी राहिली. मी एका बाईच्या पोटावर पाय दिला हे लिहिलं होतं, आणि हे माझं मन मोजत होते! मीही अंगठा दाबला होता, असं लिहिणारा एक नाही. मीही पुढे पाठवलं होतं, असं लिहिणारा एक नाही. संध्याकाळी एक मेसेज आला: 'काही सभासदांचं मत आहे की घरगुती विषय ग्रुपवर टाकू नयेत.'

मी विचारलं, "कोण सभासद?"

नुसत्या निळ्या खुणा उमटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन लावला. गाय अजून माजावर होती, काल संध्याकाळपासून तिनं दावं ताणलं होतं. माझ्या मनात होतं की आता सगळं निस्तरलंय, ती येईल, गाईच्या पाठीवर हात फिरवेल, मी चहा ठेवेन आणि यावेळी तिला तो घ्यायला लावेन.

"हॅलो, कोन बोलतंय?"

तिनं माझा नंबर काढून टाकला होता. मी नाव सांगितलं, आडनावासकट. पलीकडे गर्दीचा आवाज होता.

"बोला," ती म्हणाली. ताई नाही.

"गाय माजावर आहे. काल संध्याकाळी पाचपासून. खरी वेळ सांगतेय. येतेस का?"

"टाकी इकली मी, पंधरा दिवस झालं. आमी आता शिर्डीला असतो. नणंदेचं फुलांचं दुकान हाय, तितं हार करते."

मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, मी काल ग्रुपवर सगळं लिहिलं. माझ्या नावानं. अवसेचंसुद्धा. तुझी काही चूक नव्हती. वाचलं नाहीस का?"

"मी कुठं हाय त्या ग्रुपवर? तुमीच काढलं हुतं ना मला."

मी विसरले होते. इतकं मोठं मन करून, इतकं कबूल करून, ज्या एका माणसाला ते सांगायला हवं होतं ती तिथं नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी म्हटलं, चूक माझी होती. तुझ्या हाताची नव्हती. तिनं ते ऐकून घेतलं. कुणीतरी तिला हाराचा भाव विचारला, तिनं तो सांगितला आणि पुन्हा फोनवर आली.

"आधी सांगायचं हुतं," ती म्हणाली. "ओट्यावर इचारलं तवा."

गोठ्यातून गाय हंबरली. तिला पलीकडे ऐकू गेली असणार, कारण तिचा आवाज एकदम कामाचा झाला. "दुपारच्या आत भरवून घ्या. उशीर करू नका."

"मी कुणाला बोलवू गं आता?"

"ग्रुपवर इचारा की," ती म्हणाली. "लई जन हायत तितं."